लग्नापुरतं इंग्रजी

उज्जैनच्या टावर चौकातल्या चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की विनोदिनी टेंबे यांचा इंग्रजीचा वर्ग लागतो. सकाळी नर्सिंगच्या मुली येतात, दुपारी हॉटेलात नोकरी धरू पाहणारी मुलं, संध्याकाळी पॉलिटेक्निकवाले. सरकारी कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी कविता शिकवून निवृत्त झाल्यावर विनोदिनीबाईंनी हा वर्ग काढला. त्यांचं एक ठाम मत होतं. प्रत्येकाला सगळं इंग्रजी लागत नाही. नर्सला रोग्याचं दुखणं विचारता यावं, वेटरला ऑर्डर घेता यावी, कारखान्यातल्या पोराला मशीनवरची सूचना वाचता यावी. ज्याला जेवढं लागतं तेवढंच शिकवायचं, पण पक्कं शिकवायचं. म्हणून नवीन कुणी आलं की बाई सगळ्यात आधी विचारत, "इंग्रजी कशासाठी हवंय?"

दसरा नुकताच झाला होता. त्या दुपारी उषाताई चांदोरकर आपल्या थोरल्या मुलीला, भार्गवीला, घेऊन वर आल्या. यजमान यज्ञेश्वरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, घर फ्रीगंजमध्येच. भार्गवी होम सायन्सची पदवीधर, शिक्षण सगळं हिंदी माध्यमातलं. शहराजवळच्या भैरवगढला जाऊन कापडावरची छपाई शिकत होती, त्यामुळे नखांच्या कडांना निळा रंग बसलेला. पोरगी शांत होती, पण डोळे सगळीकडे फिरत होते.

बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. भार्गवीने तोंड उघडायच्या आत उषाताई बोलल्या.

"अहो मॅडम, लंबा-चौडा कोर्स नको. मार्गशीर्षात लग्न आहे. मुलगा इंग्लंडला असतो, लंडनपासून दोन तासांवर. व्हिसासाठी एक छोटीशी परीक्षा असते म्हणे, बोलण्याची. ती निघाली पाहिजे. आणि सासूबाईंच्या मैत्रिणी येतात, पार्टी-बिर्टी होते, तिथे हिने गप्प नको बसायला. बस, इतकंच."

विनोदिनीबाईंनी वहीत लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवणं सुरू झालं.

स्थळ इंदूरच्या वधूवर मेळाव्यात जमलं होतं. मुलगा आल्हाद, दिसायला देखणा, तिकडे मोठ्या कंपनीत. तो स्वतः दोनदा भेटला आणि पत्रिका जुळली. त्याच्या घरी कोण येतं-जातं, पहिलं लग्न मोडलं की काय, शेजारीपाजारी त्याच्याबद्दल काय म्हणतात, हे कुणी विचारलं नाही. मुलगा बाहेरचा आहे, एवढं एक वाक्य उज्जैनच्या चार मराठी घरांत सांगितलं की बाकीचे प्रश्न आपोआप मिटत. उलट जास्त चौकशी केली तर मुलाकडचे बिदकतील, हीच सगळ्यांना भीती. चांदोरकरांचं घर काही जगावेगळं नव्हतं.

माय-लेकी एकाच स्कूटीवर येत, त्यामुळे वर्ग चालू असताना उषाताई मागच्या बाकावर बसून असत. बाईंनी भार्गवीकडून सगळं घोटून घेतलं. हवेबद्दल बोलणं, दुकानात सामान मागणं, पाहुण्यांना चहा विचारणं. कुणी "हाउ आर यू?" म्हटलं की हसून "आय ॲम फाइन, थँक यू" म्हणायचं, आणि एका श्वासात म्हणायचं, अडखळायचं नाही. शंभर वेळा म्हणून घेतलं.

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे नर्सिंगच्या मुली एका सुरात म्हणत, "व्हेअर डज इट हर्ट?" भार्गवी पेन थांबवून ऐकत राही.

"मॅडम, हे मी पण शिकू?" तिने एकदा विचारलं.

"तुला कुठं नर्स व्हायचंय?" मागून उषाताई हसल्या.

"आधी परीक्षेचं होऊ दे," विनोदिनीबाईही म्हणाल्या.

आणखी एकदा तिने विचारलं, "मॅडम, 'मला हे नको' असं कसं म्हणायचं?"

"नो, थँक यू," बाई म्हणाल्या. "कुणी जेवताना आग्रह केला तर म्हणायचं."

"आणि आग्रह नसेल तर? जबरदस्ती असेल तर?"

"काहीही विचारते ही," उषाताई म्हणाल्या. "मॅडम, शुभ बोलायचं शिकवा हिला."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. हॉटेलची मुलं जिन्यात ताटकळत उभी होती.

परीक्षा निघाली. लग्न थाटात झालं. व्हिसा यायला उशीर लागला, पण चैत्रात भार्गवी गेली. जाण्याआधी पेढे घेऊन आली, वाकून नमस्कार केला. बाईंनी तिचा फोटो वर्गाच्या भिंतीवर लावला, नव्या मुलींना दाखवायला.

सुरुवातीला तिचे आवाजातले निरोप येत. इथे संध्याकाळी उशिरापर्यंत उजेड असतो, इथलं दूध पातळ आहे, बस ड्रायव्हर थँक यू म्हणतो. मग ते विरळ झाले. ज्येष्ठात एक निरोप आला, अगदी हळू आवाजात.

"मॅडम, 'दाराला कुलूप आहे' याला काय म्हणायचं?"

बाई तेव्हा पॉलिटेक्निकच्या मुलांचे पेपर तपासत होत्या. "द डोअर इज लॉक्ड," त्यांनी लगेच पाठवलं, बरोबर एक हसरा चेहरा. काही दिवसांनी आणखी एक. "आणि 'बाहेरून' याला?" बाईंनी तेही पाठवलं, वर लिहिलं, शाब्बास, अभ्यास सोडला नाहीस.

त्यानंतर काहीच आलं नाही.

श्रावणात भाजी घेताना उषाताई भेटल्या. भार्गवी मजेत आहे, दिवस गेलेत, म्हणाल्या. पण बोलताना त्या कारल्यांशीच चाळा करत होत्या, वर पाहत नव्हत्या. घरी आल्यावर बाईंनी फोन काढून ते जुने निरोप पुन्हा ऐकले. या वेळी त्यांना शब्द नाही, आवाज ऐकू आला. दोन्ही वाक्यं त्यांनी मनात शेजारी शेजारी ठेवली. दाराला कुलूप आहे. बाहेरून.

दुसऱ्या दिवशी त्या चांदोरकरांकडे गेल्या. यज्ञेश्वररावांनी ऐकून घेतलं. मुलीने त्यांनाही फोनवर रडून काही सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मॅडम, नवीन घर आहे, थोडे दिवस लागतातच," ते म्हणाले. "मुलगा कामावर जाताना कुलूप लावून जातो, परका देश आहे, काळजीपोटी करतो. आम्ही तिला समजावलं आहे. तुम्ही शिकवलंत, आमच्यावर उपकार आहेत. आता पुढचं आमच्यावर सोडा."

विनोदिनीबाई उठल्या. आपण बाहेरच्या, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. भार्गवीला त्यांनी दोनदा फोन लावला, तो लागला नाही.

संक्रांतीच्या आधी भार्गवी परत आली. एकटी. बाळंतपणाला आली असेल, असं गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पण पोट नव्हतं. मग माहेरपणाला आली असेल. आल्हादने तिला विमानतळावर सोडलं होतं, थोडे दिवस आराम कर म्हणून, आणि ती उज्जैनला पोचेपर्यंत आपला नंबर बंद केला होता. त्याच्या आईने मात्र फोन केला. पोरीला चार माणसांत बोलता येत नाही, आमच्या मुलाला खाली मान घालावी लागते. इंग्रजी नीट शिकवा, तिने झाल्या प्रकाराची माफी मागावी, मग बघू.

म्हणून उषाताई तिला घेऊन पुन्हा जिना चढल्या.

बाईंनी तिला ओळखलं नाही, एवढी ती वाळली होती. कानशिलावर एक पांढरट वण होता. खुर्चीच्या कडेला बसली, उठून पळायची वेळ आली तर सोपं जावं तशी.

"अजून थोडं शिकवा मॅडम," उषाताई म्हणाल्या. "आणि माफीचं एक छान पक्कं करून घ्या. सॉरी वगैरे. रविवारी ते लोक व्हिडिओवर येणार आहेत."

विनोदिनीबाईंनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "उषाताई, आज तुम्ही खाली दुकानात बसा."

"मी रोज इथंच बसत होते की."

"हो. तेच चुकलं आपलं."

दार लागलं. बाईंनी पुस्तक उघडलं नाही. खुर्ची ओढून त्या भार्गवीच्या शेजारी बसल्या. "भार्गवी, तुला काय बोलता यायला हवंय? आईला नाही, त्यांना नाही. तुला."

पोरगी बराच वेळ नखं पाहत राहिली. रंग केव्हाच निघून गेला होता.

"जे झालं ते सांगता यायला हवंय," ती म्हणाली. "दवाखान्यात सांगता आलं नाही मला."

मग तिने मराठीतच सांगितलं, तुटक तुटक. कुलूप लागलेलं असायचं. फोन काढून घेतला जायचा. सहावा महिना होता. भांडण झालं. जिन्यावरून पडणं झालं. दवाखान्यात सासूबाई बरोबर होत्या. हिला इंग्रजी येत नाही, धांदरट आहे, पडली, असं त्यांनीच सांगून टाकलं. दुभाषी बोलावू का, असं काहीतरी ती नर्स विचारत होती, सासूबाई नको नको म्हणाल्या. तरी ती नर्स भली होती. ती पलंगाजवळ वाकली, भार्गवीच्या डोळ्यांत बघून तिने विचारलं, हाउ आर यू?

"आणि मॅडम, माझ्या तोंडून आपोआप निघालं. आय ॲम फाइन, थँक यू. एका श्वासात." ती थांबली. "त्यांनी घरी पाठवलं. रात्रीतून सगळं गेलं. परत नेलं तेव्हा उशीर झाला होता. मुलगी होती."

खालच्या चौकात रिक्षावाले ओरडत होते. विनोदिनीबाईंनी तिचा हात धरला.

"माझंही चुकलं, पोरी," त्या म्हणाल्या. "तू कुलूप म्हणालीस आणि मी तुला स्पेलिंग दिलं."

भार्गवी नुसती मान हलवत राहिली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

त्या दिवसापासून त्यांनी नव्याने शिकायला घेतलं. बाईंच्या लक्षात आलं की अडचण इंग्रजीची नाहीच. कुलूप लागलं, फोन गेला, पडणं झालं. मराठीतसुद्धा तिच्या एकाही वाक्यात करणारा माणूस नव्हता. तशी भाषा तिला लहानपणापासून घरानेच शिकवली होती.

"कुलूप आपोआप लागत नाही," बाई म्हणाल्या. "कोणी लावलं?"

"त्यांनी."

"ते कोण? नाव घे."

नवऱ्याचं नाव तिच्या ओठांवर अडलं. मग ती म्हणाली, "आल्हादने लावलं." आणि डोक्यावरून काही ओझं उतरवावं तसा तिने श्वास सोडला. "आल्हादने ढकललं."

"आता इंग्रजीत," बाई म्हणाल्या.

शनिवारी विनोदिनीबाईंनी चांदोरकरांच्या घरी जाऊन स्पष्ट सांगितलं. "आल्हादने तिला ढकललं. त्यातच बाळ गेलं. मी माफी शिकवणार नाही."

उषाताई बाजारात गेल्या होत्या. यज्ञेश्वरराव उभेच होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज खाली आला नाही. "मॅडम, एक सॉरी म्हटल्याने काय जातं? घर टिकेल. धाकटी आहे आमची, सायली. उद्या तिचं जमवायला निघालो की लोक विचारतील, थोरली परत का आली? काय सांगू मी?"

"जे झालं ते सांगा."

"तुम्हाला मुलगी नाही, म्हणून बोलायला सोपं जातं," ते म्हणाले. "उद्या तुम्ही नका येऊ."

आतून भार्गवीचा आवाज आला. "मॅडम येतील, बाबा."

रविवारी दुपारी हॉलमध्ये टीव्हीला फोन जोडला होता. विनोदिनीबाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. उषाताईंनी भार्गवीला जरीची साडी नेसवली होती, कानशिलावरच्या वणावर केस ओढून घेतले होते. पडद्यावर आल्हाद आणि त्याची आई दिसली. मागे काचेच्या कपाटात कप मांडलेले होते. हवापाण्याचं बोलून झालं. मग आल्हादची आई म्हणाली, "बोल भार्गवी, काय म्हणायचं होतं तुला? इंग्लिशमध्येच बोल, बघू तरी किती शिकलीस."

यज्ञेश्वरराव सोफ्याच्या कडेवर पुढे झुकले.

भार्गवी उठून उभी राहिली. "आय डिड नॉट फॉल," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण तुटला नाही. "आल्हाद पुश्ड मी. आल्हाद लॉक्ड द डोअर. यू टोल्ड द डॉक्टर अ लाय. माय डॉटर डाइड."

मग आल्हाद मराठीत ओरडला, "काय बोलतेयस, कळतंय का तुला? कुणी पढवलं हे?"

"वाक्यं मॅडमनी नीट करून दिली," भार्गवी म्हणाली. "बाकी माझंच आहे."

यज्ञेश्वरराव फोन बंद करायला धावले. उषाताई मधे आल्या. मागच्या बाकावर बसून बसून त्यांनाही तेवढं इंग्रजी आलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही, त्या मुलीला विचारत होत्या.

"पुश्ड म्हणजे ढकललं ना गं? तू तर मला पडले म्हणाली होतीस."

"तूच म्हणालीस आई, पडली असशील, असं सांग म्हणून. फोनवर."

उषाताई खाली बसल्या. यज्ञेश्वररावांनी तारच उपटली.

पुढे जे व्हायचं ते झालं. तिकडून घटस्फोटाचे कागद आले. तिकडच्याच एका महिला संस्थेच्या वकील बाईंनी भार्गवीची जबानी व्हिडिओवर घेतली. दुभाषी हवी का, असं त्यांनी विचारलं तेव्हा भार्गवी हो म्हणाली, आणि ते मागायचं असतं हे आपल्याला आता ठाऊक आहे, असंही म्हणाली. प्रकरण अजून चालू आहे, त्याचं काय होईल सांगता येत नाही. इंदूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पुन्हा मूल होणं कठीण आहे. सायलीसाठी आलेलं एक स्थळ मागे फिरलं. यज्ञेश्वरराव थोरलीशी बोलेनासे झाले. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवायचे, आणि मीठ हवं असलं तर बायकोकडे मागायचे.

विनोदिनीबाईंनी भिंतीवरचा फोटो काढून टाकला. आता लग्नाच्या मुली शिकायला आल्या की बाई आईवडिलांना, सासरच्यांना खाली पाठवतात. प्रश्न एकट्या मुलीला विचारतात. परीक्षेचं सगळं शिकवतात, पण पहिल्या आठवड्यात नाही. पहिल्या आठवड्यात पोलिसांचा नंबर, दुभाषी मागायचं वाक्य, माझा पासपोर्ट माझ्याकडे द्या, मला एकटीला डॉक्टरांशी बोलायचंय. नर्सिंगच्या मुलींबरोबर बसून, दुखतं कुठे, कसं, कधीपासून. काही घरांना हे पसंत पडत नाही. शुभकार्यात हे काय अभद्र, म्हणून दोन घरांनी मुली काढून नेल्या. बाई त्यांना अडवू शकल्या नाहीत, पण जिन्यापर्यंत जाऊन मुलींच्या हातात आपला नंबर दिला.

चैत्र पुन्हा आला. एके दुपारी उषाताई एकट्याच वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"मॅडम, मला एक वाक्य शिकवाल?"

"या ना, बसा. कुठलं?"

उषाताईंनी पदर तोंडाशी धरला. "तिकडच्या दवाखान्यात विचारायचंय. ते बाळ... कुठे ठेवलं असेल त्यांनी? आपल्याकडे पुरतात, तसं काही केलं असेल ना? भार्गवी रोज रात्री उठून बसते. बोलत नाही. मला वाटतं ती तोच विचार करत असते. तिला कसं विचारू? मी पडली म्हण म्हणाले होते तिला."

विनोदिनीबाईंनी वाक्य सांगितलं. उषाताईंनी ते घोकलं. शब्द त्यांच्या जिभेवर नीट बसेनात, तरी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या भार्गवीला घेऊन आल्या. कशासाठी, ते वाटेत सांगितलं होतं. भार्गवी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

फोन लागला. एकीकडून दुसरीकडे जोडत जोडत शेवटी एका बाईचा आवाज आला. ज्यांची बाळं जातात त्या आयांसाठीच नेमलेली ती सुईण होती. उषाताईंनी आपलं वाक्य म्हटलं. सुईण हळू, सोपं बोलली. माहिती फक्त आईलाच देता येते. आर यू द मदर?

"येस," उषाताई म्हणाल्या. "मदर." आणि मग त्यांना कळलं की विचारलं काय होतं. त्यांचा चेहरा पिळवटला. त्यांनी फोन भार्गवीपुढे धरला.

ती वळली. गल्लीत, नातेवाइकांत, वकिलाच्या कागदांत, कुणीही तिला आजवर हे म्हटलं नव्हतं. पत्नी म्हटलं, सून म्हटलं, परत आलेली म्हटलं.

"आय ॲम द मदर," भार्गवी म्हणाली.

नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं तिने सांगितलं. मग ऐकत राहिली. काही कळलं नाही तेव्हा पुन्हा सांगा म्हणाली. तिकडचा आवाज घाई करत नव्हता. शेवटी तिने फोन खाली ठेवला, आणि आईला मराठीत सांगितलं.

"गावाबाहेर बाग आहे, लहान बाळांची. तिथे ठेवलंय तिला. त्यांनी अंघोळ घातली होती. कुणीतरी विणलेली टोपी घातली होती डोक्यात." तिचा आवाज इतका वेळ टिकला होता, तो इथे फुटला. "त्यांनी मला विचारलं, तिचं नाव काय लिहायचं?"

उषाताईंनी तिला जवळ ओढलं. पार्टिशनपलीकडचा वर्ग थांबला होता. मुलींना पुढे म्हणा असं विनोदिनीबाईंना सांगवेना.